मंगळवारचं मीठ

बुधवार, दुपार.
बॉयलर बंद आहे, म्हणून वेळ आहे.

भावजी,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तोपर्यंत उरले तर.

आणि त्या माणसाला चहा मी केला! साखर किती घालू म्हणून विचारून केला! तुम्ही पाठवलेला माणूस, म्हणून खुर्ची पुसून दिली, पंखा त्याच्याकडे वळवला, इस्त्रीवालीला दटावलं की जरा हळू आपट, पाहुणे बोलतायत. आणि पाहुणे जे बोलले ते ऐकून हातातली किटली मी त्यांच्या डोक्यावर उपडी केली नाही, हे माझे उपकार समजा. त्यांच्यावर नाही, तुमच्यावर.

फोन का नाही केला म्हणाल. फोनवर तुम्ही "हो वहिनी, बघतो वहिनी, मीटिंग आहे वहिनी" एवढं बोलता आणि ठेवून देता. शिवाय फोन दुकानात, आणि दुकानात तुमचा दादा. त्यांच्यासमोर मला हे बोलायचं नाही. पत्राला मध्येच तोडता येत नाही. चौथीतून उठवलेल्या बाईचं अक्षर आहे, ओळी उताराला लागतील. तुम्हीही त्यांच्यामागे लागा आणि शेवटपर्यंत पोचा.

रागावले की मी तुम्हाला अहो-जाहो करते, हे वेगळं सांगायला नको.

आता बातमी. टाकी मेली. बॉयलरच्या अलीकडे भिंतीला टेकून उभी असलेली, पाणी हलकं करणारी निळी टाकी, जी तुम्ही स्वतः खांद्यावरून आणलीत आणि दाराची चौकट खरवडून आत घेतलीत, ती. टाकी म्हणजे तिच्या पोटातले मणी, तुमच्या भाषेत रेझिन. सोमवारी तुमच्या माणसाने झाकण उघडून हात घातला, तर मूठभर लगदा वर आला. शिजत ठेवून विसरलेल्या भातासारखा. मधाच्या रंगाचे, मोहरीएवढे, बोटांत धरायला गेलं की निसटणारे ते मणी. त्यातला एकही शाबूत नाही. दाबला की पीठ. त्या लगद्यातून पाणी उतरत नव्हतं, खालच्या नळातून नुसतं ठिबकत होतं.

आता बोअरचं पाणी सरळ मशीनमध्ये घेतो. साबण फेस धरत नाही, तवंग धरतो. हॉस्पिटलच्या चादरी राखाडी निघतात आणि वाळल्या की उभ्या राहतात. खरंच उभ्या राहतात, कोपऱ्यात टेकवली तर पडत नाही. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, यावर पेशंट झोपवला तर पाठ सोलून निघेल." बॉयलर मीच बंद केला. त्याच्या नळ्यांत तो पांढरा थर पुन्हा धरायला लागलाय, आणि तो थर नळीचा गळा कसा आवळतो ते मला शिकवणारे तुम्हीच.

तर तुमच्या माणसाने लगदा नाकाशी नेला आणि विचारलं, "यात ब्लीच कोणी घातलं?"

माणूस हुशार आहे, नाकारत नाही. त्याचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. एखादं चुकलं असतं तर मला भांडायला बरं झालं असतं.

तुमचा दादा इस्त्रीच्या रोलरच्या पलीकडे उभा होता. म्हणाले, "मी."

"काका, ब्लीच? रेझिनमध्ये? ते काय कपडे आहेत?"

इस्त्रीवाली फस्सकन हसली. मी तिच्याकडे बघितलं, मग तिने तोंडावर उशीचा अभ्रा धरला. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. हसण्यासारखंच होतं. जन्मभर धुलाई केलेल्या माणसाने काय केलं, तर मळलेलं दिसलं आणि ब्लीचमध्ये टाकलं. दुसरा कोणी करणार नाही. तुम्ही केलं नसतं, बेकरीवाल्याने केलं नसतं, शाळेतल्या मास्तरांनी केलं नसतं. हे फक्त आपल्याच दुकानात होऊ शकतं.

मळलेलं म्हणजे काय, तर मणी तपकिरी पडले होते. जुनी विहीर आटल्यावर नवी बोअर घेतली, तिच्या पाण्यात लोखंड आहे, ते मण्यांवर बसलं, असं तुमचा माणूस म्हणाला. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या दादाला वाटलं, मशीनचं तेल असेल, जुनेपणाचा पिवळेपणा असेल. लोखंड आहे हे कळलं असतं तर ब्लीचच्या डब्याला हात लावला नसता त्यांनी. गंजाच्या डागावर ब्लीच ओतलं तर तो डाग जन्माचा होतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पण हे मी कोणाला सांगू? तुमचा माणूस तोपर्यंत हात धुवायला गेला होता.

तो आणखीही एक बोलला. ते नंतर लिहिते. आत्ता लिहिलं तर कागद फाटेल.

आधी एक आठवण करून देते, कारण मोठे साहेब झाल्यावर माणसं स्वतःचं बोललेलंही विसरतात. टाकी बसवलीत त्या आठवड्यातली गोष्ट. मी दोरीवर कपडे घालत होते आणि तुम्ही चिमटे देत होता, लहानपणी द्यायचा तसे. तेव्हापासूनच तर मी तुम्हाला चिमट्या म्हणते. मी म्हटलं होतं, "या एवढ्याशा मण्यांनी पाणी हलकं होतं म्हणजे काय जादूटोणा आहे का रे? चाळणी असेल तर घाण वर दिसायला हवी. वर तर काहीच दिसत नाही."

तू म्हणालास, "चाळणी नाही वहिनी. ही दोरी बघ."

मग तू मला दाखवलंस. प्रत्येक मणी म्हणजे एक दोरी, तिच्यावर चिमटेच चिमटे. प्रत्येक चिमट्यात एकेक हातरुमाल लटकतोय, तो मिठातला हलका भाग. मग जड पाणी येतं, त्यात चुना, म्हणजे ओली जड चादर. चादरीला दोन चिमटे लागतात. म्हणून ती येते तेव्हा दोन रुमाल सुटतात आणि पाण्याबरोबर पुढे जातात. चादर मागे राहते. रुमालांनी साबणाला त्रास होत नाही, बॉयलरला होत नाही. त्रास होतो तो चादरींनी, आणि त्या दोरीवर अडकल्या.

मी विचारलं, "आणि सगळे चिमटे चादरींनी भरले की?"

"की मग पुढची चादर सरळ पाण्यात. तेव्हा मिठाचं पाणी सोडायचं, भरपूर. रुमालांची इतकी गर्दी करायची की चादरींना जागा सोडावी लागते. त्या सुटतात, गटारात जातात, आणि चिमट्यांत पुन्हा रुमाल. तीच दोरी, तेच चिमटे, वर्षानुवर्षं."

तुझा दादा पायरीवर बसून ऐकत होता. मला वाटलं, ऐकत नाहीये. बघ, "तू" लिहिलं मी. असू दे, खोडत नाही.

मला त्या दिवशी कळलं. चौथीतून उठवलेल्या बाईला जे एका दोरीवर कळलं, ते तू आता कंपनीतल्या नव्या पोरांना पडद्यावर चित्रं दाखवून शिकवतोस म्हणे. शिकव. पण ब्लीचने काय होतं तेही त्याच दोरीवर सांगता येतं. ब्लीच चिमटे काढत नाही, दोरीच कुजवतं. आतला पीळ सुटतो, मणी फुगतो, मऊ होतो, चुरा होतो. मग चिमटे कितीही चांगले असोत, टांगणार कशावर? हे मला तुमच्या माणसाने सांगितलं नाही. तो "क्लोरीनने अटॅक केला" म्हणाला. मी माझं मी लावून घेतलं.

गाडीवाला आला, हॉस्पिटलची गाठोडी उतरवतोय. उरलेलं उद्या.


गुरुवार, सकाळ.

काल वाचून बघितलं तर मी अर्ध्यातून तू-तू करत गेले आहे. आता मागे वळवत नाही. राग तेवढाच आहे, फक्त अहो-जाहोचा दम गेला.

दादाने ब्लीच का घातलं, हे तुझ्या माणसाने विचारलं नाही. ते त्याचं काम नव्हतं. तुझं होतं.

तू महिन्याच्या सुरुवातीला फोन केलास, "वहिनी, या रविवारच्या पुढच्या रविवारी येतो, टाकी पण एकदा उघडून बघतो." मी फोन ठेवला आणि मोठ्याने कोणालाच उद्देशून नाही असं म्हटलं, "येतोय म्हणे, टाकी बघायला." तुझा दादा अभ्र्यांची घडी घालत होता. तुम्ही दोघं भाऊ मला मधल्या भिंतीसारखं वापरता, इकडून एक बोलतो आणि तिकडून दुसरा ऐकतो. तिसरा हिवाळा गेला या भिंतीचा.

दुसऱ्या दिवशी हे टाकीचं झाकण उघडून बसलेले. हातात मूठभर मणी, आणि शेजारी ती काचेची बरणी, ज्यात तू नमुन्याचे कोरे मणी ठेवून गेलास. बरणीतले मधासारखे, हातातले करपलेल्या साखरेसारखे. म्हणाले, "हा येऊन हे बघणार."

मी म्हटलं, "बघू दे की. वापरलेलं मळतंच."

"मळतं म्हणजे? तो म्हणेल, दिली वस्तू सांभाळता आली नाही."

एवढंच. मग ब्लीच. पहिल्या दिवशी मणी जरा उजळले, तर हे पोराला पहिला नंबर मिळाल्यासारखे मला दाखवायला घेऊन आले. म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त घातलं. मग आणखी. सगळा आठवडा टाकी ब्लीचमध्ये, आणि दुकान जड पाण्यावर. मी ओरडले की गिऱ्हाईक ओरडतंय. तर म्हणतात कसे, "रविवारपर्यंत ओरडू दे."

रविवारी यांनी दाढी केली, स्वतःच्या हाताने इस्त्री केलेला शर्ट घातला आणि टाकीजवळची खुर्ची पुसून ठेवली. तीच खुर्ची जी मी नंतर तुझ्या माणसासाठी पुसली. फरशी दोनदा धुतली. दुपारी मला म्हणाले, "त्याला जेवायला वाढशील तेव्हा मला बोलावू नकोस, मी नंतर जेवेन." म्हणजे मी बोलवायचं. आम्हा बायकांना एवढं कळतं.

तू आला नाहीस. "काम निघालं वहिनी, उद्या माझा माणूस पाठवतो, तो बघून घेईल."

काय बघून घेईल?

बरं, आता ते लिहिते. चहाचा दुसरा कप होता. तुझा माणूस गप्पिष्ट आहे, मनाने वाईट नाही, हेही लिहून ठेवते, म्हणजे तू त्याच्यावर ढकलणार नाहीस. ब्लीचचं हसणं संपलं होतं. दादा मान खाली घालून बसलेला. त्याला बरं वाटावं म्हणूनच बिचारा म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका, लोक काय काय करतात. आमचे सर नव्या मुलांना शिकवताना एका लाँड्रीवाल्याची गोष्ट सांगतात. त्याला कोणीतरी सांगितलेलं की थंडीत पाणी गोठलं तर रेझिनचे मणी फुटतात. तर त्याने काय करावं? टाकीला स्वतःची रजई पांघरली! सर त्याची नक्कलपण करतात."

आणि तो उठला आणि त्याने ती करून दाखवली. आपल्याच टाकीवर. हळूहळू थोपटत, डोकं एका बाजूला कलतं करून, "झोप हं, झोप, बाहेर थंडी आहे." म्हणाला, "पोरं अक्षरशः लोळतात. आमच्यात कोणी साधी चूक केली की आम्ही म्हणतो, जा, रजई आण."

इस्त्रीवाली या वेळी हसली नाही. तिला माहीत होतं. ती रजई पुढे उन्हाळ्यात तिनेच धुतली होती.

तुझा दादा मात्र हसला.

हसला रे. चांगला आवाज करून. म्हणाला, "येडाच असेल तो लाँड्रीवाला."

तुझा माणूस म्हणाला, "येडाच! पण काका, त्याने निदान ब्लीच तरी घातलं नाही. आता सरांना नवीन गोष्ट मिळाली."

मी किटली खाली ठेवली ती तेव्हा. ठेवली नसती तर काय झालं असतं ते वर लिहिलंच आहे.

चिमट्या, ही रजईची गोष्ट तुला कोणी सांगितली? दादा सांगणार नाही, तो तुझ्याशी बोलत नाही. मीच सांगितली. तू निघून गेलास त्यानंतरच्या पहिल्या थंडीत, पत्र्यावर बर्फाचा थर धरत होता तेव्हा. तू जाताना एवढंच म्हणाला होतास, "मणी गोठू देऊ नका, फुटतात." ते यांनी धरून ठेवलं. अंगावरची रजई टाकीला बांधली, सुतळीने, गाठी मारून. स्वतः दोन चादरी घेऊन झोपले आणि सगळा हिवाळा खोकत काढला. दादा दुकानात नसताना मी तुला फोनवर सांगितलं ते कशासाठी? "बघ, तोंडाने बोलत नाही पण तुझी टाकी कशी जपतोय" म्हणून. तू ते मला दोनदा सांगायला लावलंस. मला वाटलं, मनाला लागलं पोराच्या. मी फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडले, की आता दोघांचं जमेल.

आणि तू काय केलंस? पोरांना लोळवलंस.

मी दिलं होतं ते जपून ठेवायला दिलं होतं. वर्गात वाटायला नाही.

मला माहीत आहे, तुझंही दुखतं. तो शेवटचा दिवस मी विसरलेले नाही. हॉस्पिटलचे साहेब चादरीवर हात फिरवून म्हणाले, "धाकट्याने दुकान वाचवलं हो," आणि दादाला ते लागलं. तो म्हणाला, "याच्या टाकीआधी काय आम्ही चिखलात धूत होतो?" आणि तू सगळ्यांदेखत म्हणालास, "चिखलात नाही दादा, पण तुझ्या टॉवेलने भांडी घासता यायची." सगळे हसले. दादाने मग तुला दार दाखवलं. दार दाखवायला नको होतं. तोंडावर बोलले मी त्याला, तेव्हाही आणि नंतरही. पण तेव्हा तुम्ही समोरासमोर होतात. त्याने मारलं, तू मारलंस, फिटलं. पाठीमागे नक्कल करणं ही वेगळी गोष्ट. ते भांडण नाही, ते दुसरंच काहीतरी आहे. त्याला शब्द माझ्याकडे नाही. तू शिकलेला आहेस, तू शोध.

सोमवारी संध्याकाळी दादा शेजारच्या बेकरीवाल्याकडे गेला. तो कधीपासून आपल्या जागेवर डोळा ठेवून आहे. परत आला तेव्हा बेकरीवाला बरोबर, हातात फुटपट्टी. भिंत मोजली, दार मोजलं. टाकीपाशी येऊन म्हणाला, "माझी भट्टी बरोब्बर इथे बसेल. हे धूड आधी भंगारात घाला."

मला वाटलं, आता दादा भडकेल. गेल्या वर्षी एकाने टाकीला नुसती सायकल टेकवली, तर त्याची आई-बहीण काढली होती.

म्हणाला, "बरं."

मी रात्रीच्या जेवणाला विचारलं, "दुकान देऊन काय करणार आहात?"

"बसणार."

"कुठे?"

"जिथे माझी गोष्ट होणार नाही तिथे," म्हणाले. आणि हसले. हे हसणं मला आवडलेलं नाही. ज्या माणसाला मी दर उन्हाळ्यात बॉयलरशी भांडताना बघितलं, मशीनला शिव्या देताना, पावडरच्या गोणीला लाथ मारताना बघितलं, तो सोमवारपासून सगळ्याला बरं म्हणतो. भाजीत मीठ जास्त झालं, बरं. गाडीवाला उशिरा आला, बरं. मी मुद्दाम म्हटलं, तुमचा तो इस्त्रीचा शर्ट मी फरशी पुसायला घेतला. बरं.

आणि परवाचं ऐक. परवा मंगळवार. मंगळवार मिठाचा, तू लावून दिलेला वार. तू गेल्यापासून एक मंगळवार यांनी चुकवला नाही, तापातही नाही, मला हात लावू दिला नाही. "विचार त्याला, मीठ जाडं घालू का बारीक," असं मला सांगून यांनी तुला विचारून घेतलेलं तुला आठवतं का? तर परवा मी दुकानात आले तेव्हा हे टाकीजवळ उभे. मिठाच्या गोणीचं तोंड सोडलेलं, हातात माप. टाकीत काय आहे? काही नाही. सगळा लगदा तुझ्या माणसाने पोत्यांत भरून मागे ठेवला. रिकामं पोट आहे नुसतं, ठोकलं तर घुमतं.

मी म्हटलं, "अहो, टाकी रिकामी आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"मंगळवार आहे," म्हणाले.

मग गोणीचं तोंड परत बांधलं. त्याच गाठी, रजईला मारलेल्या.

म्हणून हे पत्र. तुला वाटेल, वहिनी नवीन मणी मागतेय. मण्यांना काय, तुझा माणूसच म्हणाला की गुरुवार-शुक्रवारी येऊन भरून जातो, कामाला अर्धा दिवस लागतो. तो आला तर मी त्याला दारातून परत पाठवणार. चहासुद्धा नाही. आज आलाच तर हे पत्र संपवून उठते आणि परत पाठवते.

मला दोन गोष्टी हव्यात. एक, ही टाकी तू भरायचीस. तुझ्या हातांनी, बाह्या वर करून, दादाच्या समोर. तपकिरी पडली तर काय करायचं, ते त्याला सांगायचंस. मला सांगून नाही. मी आता भिंत होणार नाही, माझ्यातून आवाज जाणं बंद. त्याला "दादा" म्हणून हाक मारायची आणि सांगायचं. तो "बरं" म्हणेल. तू तरी सांगत राहायचं, जोपर्यंत तो तुला एक सणसणीत शिवी देत नाही. शिवी दिली की समज, पाणी उतरायला लागलं.

दुसरी गोष्ट दादाला कळायचीही गरज नाही. तुझ्या त्या वर्गात जायचं आणि ती गोष्ट पुरी सांगायची. नक्कल कर हवं तर. टाकीला थोपटूनही दाखव. मग सांग की तो लाँड्रीवाला माझा दादा. आई गेल्यावर माझ्या शाळेचे शर्ट त्याने धुतले आणि मला शिकायला पाठवलं, म्हणून मी इथे उभा राहून तुम्हाला हसवतोय. आणि सांग की टाकीला पांघरलेली ती घरातली त्याची एकुलती रजई होती. मग बघ कोण लोळतं. लोळले तर लोळू देत, पण पूर्ण ऐकून लोळू देत.

हे पत्र गाडीवाल्याच्या हाती देते. उद्या तो तुमच्या बाजूला हॉस्पिटलचे गणवेश पोचवायला येतोय. त्याला सांगितलंय, टेबलावर ठेवायचं नाही, हातात द्यायचं आणि तू फोडेपर्यंत उभं राहायचं. तो हट्टी आहे, उभा राहील.

रविवारी सकाळी बेकरीवाला येणार, भंगारवाल्याला घेऊन. टाकी एकदा दाराबाहेर गेली की मी तुला पुन्हा काही लिहिणार नाही, आणि फोन वाजला तरी इस्त्रीवाली उचलेल. म्हणून शनिवारी दुकान बंद करायच्या आत मला उत्तर हवं. गाडीवाल्याकडे चिठ्ठी दे, नाहीतर फोन कर. फोन केलास तर मला मागू नकोस, दादाला माग. "बघतो" हे उत्तर नाही. "माणूस पाठवतो" हे तर नाहीच नाही. येतो किंवा येत नाही, यातलं एक.

आशीर्वाद उरले आहेत. पण ते मी पाठवत नाही, इथेच ठेवलेत. घ्यायला ये.

शनिवारपर्यंत तुझीच,
वहिनी